रिप्लेची फाइल उघडल्यावर नेमकं काय घडतं

तुमचे प्रश्न तीन आहेत. झिरो ए.डी. या संगणकावरच्या युद्धनीतीच्या गेममधल्या सहा महिन्यांपूर्वीच्या दोन सामन्यांचे रिप्ले, म्हणजे सामना पुन्हा बघण्यासाठी जपलेल्या फाइली, आता उघडतच नाहीत, आणि मित्राने पाठवलेला तिसरा उघडतो, पण दहाव्या मिनिटानंतर त्यात भलतंच काहीतरी चालू होतं. एज ऑफ एम्पायर्स २ या तशाच गेमचे स्वतःचे रिप्ले तुम्ही नेमाने बघता, तरी खेळ आहे तिथेच आहे. आणि पडदा रेकॉर्ड करणाऱ्या ओबीएस या सॉफ्टवेअरने केलेलं रेकॉर्डिंग अडखळतं, अक्षरं पुसट येतात. मी या गेम्स बरीच वर्षं खेळतोय आणि जवळपास तितकीच वर्षं सामन्यांवर बोलून व्हिडिओ करतोय. या तिन्ही चुका माझ्या करून झाल्या आहेत, त्यामुळे जरा लांबण लावतो.

आधी मुळाशी जाऊ. रिप्लेच्या फाइलीत चित्र नसतंच. बुद्धिबळाचा डाव कागदावर लिहून ठेवतात तेव्हा पटाचे फोटो काढत नाहीत, चाली लिहितात. पट मांडून त्याच चाली क्रमाने खेळल्या की डाव पुन्हा उभा राहतो. इथेही तसंच. फाइलीच्या सुरुवातीला मांडणी असते: कोणता नकाशा, कोण कोण खेळाडू, कोणती सेटिंग्ज, आणि गेम ज्यावरून सगळे फासे टाकते तो आकडा, रँडम सीड. त्यापुढे फक्त हुकूम. अमुक क्षणी पहिल्या खेळाडूने हे चार व्हिलेजर, म्हणजे काम करणारे गावकरी, त्या झाडाकडे पाठवले, तमुक क्षणी दुसऱ्याने इथे बरॅक बांधायला घेतली. बाण कुठे लागला, कोण मेलं, लाकूड किती जमलं, यातलं काहीही लिहिलेलं नसतं. तुम्ही रिप्ले लावता तेव्हा गेम तो सामना पहिल्यापासून खरोखर पुन्हा खेळते, फक्त माऊसच्या जागी ही यादी असते. म्हणून तासाभराच्या सामन्याची फाइल थोडक्या मेगाबाइटांत, कधी त्याहूनही कमी जागेत मावते, आणि त्याच सामन्याचा व्हिडिओ कित्येक जीबी खातो.

ही युक्ती रिप्लेसाठी शोधलेली नाही, ती नेटवर्कच्या अडचणीतून आली. १९९७ साली पहिली एज ऑफ एम्पायर्स आली तेव्हा सेकंदाला २८.८ किलोबिटच्या मोडेमवर आठ जणांना एकत्र खेळवायचं होतं. शेकडो सैनिकांची जागा आणि तब्येत सतत सगळ्यांना पाठवणं त्या वेगात शक्यच नव्हतं. मग गेम करणाऱ्यांनी फक्त खेळाडूंचे हुकूम पाठवले आणि प्रत्येक मशीनवर तोच खेळ स्वतंत्रपणे चालवला. वेळेचे साधारण २०० मिलिसेकंदांचे तुकडे पाडले, आणि आत्ता दिलेला हुकूम दोन तुकड्यांनंतर सगळीकडे एकाच वेळी अमलात आणला. आता सगळं जर हुकमांच्या यादीतून उभं राहतंय, तर ती यादी डिस्कवर लिहून ठेवली की झाला रिप्ले तयार. अर्थात हे सुचायला किंवा करायला प्रत्येकाला वेळ लागला. स्टारक्राफ्ट १९९८ ची, तिच्यात रिप्ले आला २००१ मध्ये, १.०८ या पॅचसोबत.

या पद्धतीची अट एकच, पण फार कडक. सगळ्या मशीनवर, प्रत्येक वेळी, तोच हुकूम तंतोतंत तोच परिणाम घडवायला हवा. पहिल्या एजच्या प्रोग्रामरांनीच सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडते. नकाशा तयार होताना एका मशीनवर एक हरिण केसभर तिरकं उभं राहिलं. तेवढ्याने ते जरा वेगळ्या दिशेला चरत गेलं. काही मिनिटांनी एका गावकऱ्याची वाट जराशी बदलली, किंवा त्याचा भाला चुकला आणि तो मांसाविना परतला. तिथून दोन खेळाडूंच्या पडद्यांवर दोन वेगळी जगं. यालाच आपण आउट ऑफ सिंक म्हणतो. प्रोसेसर आणि कंपायलर दशांश चिन्हाच्या पलीकडचे आकडे हाताळतात त्यातला बारकासा फरकसुद्धा हे घडवू शकतो. म्हणून अशा कित्येक गेम्स सामन्याचं सगळं गणित पूर्णांकांवर आधारलेल्या आकड्यांत करतात, झिरो ए.डी. त्यांपैकीच.

आता तुमच्या फाइलींकडे. अपडेट आल्यावर जुना रिप्ले का मोडतो, हे वरून लक्षात आलंच असेल. समजा नव्या व्हर्जनमध्ये धनुर्धाऱ्याचा वेग थोडा कमी केला. यादीत हुकूम तोच आहे, ‘टेकडीवर जा’. पण आता तो टेकडीवर तीन सेकंद उशिरा पोचतो, तोवर समोरचे घोडेस्वार निघून गेलेले असतात, लढाई होतच नाही, आणि पुढचे सगळे हुकूम अशा सैन्याला दिलेले की जे एकतर मरायला हवं होतं किंवा जिवंत असायला हवं होतं. रिप्ले बिचारा वेड लागल्यासारखा वागतो: मोकळ्या माळावर हल्ले होतात, पैसे नसताना इमारतीचे हुकूम सुटतात, जिंकत असलेला माणूस शेवटी काहीच कारण नसताना राजीनामा देतो. समजूतदार गेम्स अशा वेळी फाइल उघडायलाच नकार देतात. झिरो ए.डी.च्या रिप्लेच्या यादीत फक्त जुळणारेच रिप्ले दाखवण्याची एक खूण असते. ती काढलीत तर तुमचे ‘हरवलेले’ दोन सामने बहुधा तिथेच बसलेले दिसतील, फक्त चालणार नाहीत.

मित्राच्या फाइलीचं दुखणं वेगळं वाटतं. व्हर्जन तेच असतानाही मॉड (गेममध्ये बदल करणारी वरची जोडणी) वेगळा असला की हाच गोंधळ होतो. तुमच्याकडे नसलेला बॅलन्सचा मॉड त्याच्याकडे चालू असेल, किंवा मॉड तोच पण त्याची आवृत्ती पुढची असेल. दिसण्यापुरते मॉड, म्हणजे ठळक रंग किंवा लहान झाडं, सहसा त्रास देत नाहीत; आकड्यांना हात लावणारे देतातच. तो सामना दहा मिनिटं नीट चालला यावरूनही अंदाज येतो: बहुधा दहाव्या मिनिटाच्या सुमाराला असं काहीतरी पहिल्यांदा बांधलं किंवा शोधलं गेलं, ज्याचे आकडे तुमच्याकडे वेगळे आहेत.

झिरो ए.डी.मध्ये हे स्वतः तपासता येतं, आणि एकदा करून बघाच, कारण त्यानंतर रिप्ले म्हणजे काय हे पुन्हा कुणाला विचारावं लागत नाही. रिप्लेच्या फोल्डरमध्ये प्रत्येक सामन्याचा तारखेच्या नावाचा एक फोल्डर असतो, आणि त्यात कमांड्स नावाची साधी टेक्स्ट फाइल. ती नोटपॅडमध्ये उघडते. पहिल्या ओळीत सगळी मांडणी, इंजिनचं व्हर्जन, मॉडांची नावं. पुढे एकेक टर्न, त्याची लांबी मिलिसेकंदांत, आणि त्या टर्नमध्ये कुणी काय हुकूम दिले. मधूनमधून अक्षरं-आकड्यांची एक निरर्थक दिसणारी माळ येते. ती हॅश, म्हणजे त्या क्षणी अख्ख्या जगाची जी स्थिती होती तिचा अंगठ्याचा ठसा. रिप्ले चालताना गेम स्वतःच्या जगाचा ठसा काढून फाइलीतल्या ठशाशी ताडून पाहते. जुळला नाही की सिंक सुटल्याचा इशारा देते. तो इशारा कोणत्या मिनिटाला आला हे पाहा, त्याच्या आधी नेमकं काय बांधलं गेलं ते यादीत पाहा, चोर तिथेच सापडतो.

मागे जाण्याचा त्रासही याच घरातला. व्हिडिओत आपण कुठेही उडी मारतो. इथे बाविसाव्या मिनिटावरून एकविसाव्यावर यायचं तर गेमला उलटं खेळता येत नाही. मेलेला सैनिक कुठून परत आणणार? २००२ च्या वॉरक्राफ्ट ३ मध्ये मागचं बघायचं म्हणजे पुन्हा शून्यापासून वेगाने पळवत आणणं. स्टारक्राफ्ट २ ने २०१० मध्ये मागे जाण्याची सोय दिली. अशा गेम्स चालता चालता मधूनमधून जगाची पूर्ण प्रत काढून ठेवतात आणि मागे जाताना जवळच्या प्रतीवरून पुन्हा पुढे खेळतात. २०१३ मध्ये हार्ट ऑफ द स्वॉर्म या विस्तारासोबत स्टारक्राफ्ट २ मध्ये आणखी एक कमाल आली: रिप्लेतल्या कुठल्याही क्षणापासून सामना खरोखर पुढे खेळायला घेणं. स्पर्धेत कुणाचं इंटरनेट तुटलं तर सामना बाद करावा लागत नाही. सरावालाही याच्याइतकं उपयोगी दुसरं काही मी पाहिलेलं नाही: जिथे माती खाल्ली त्याच्या दोन मिनिटं आधी शिरायचं आणि वेगळं काही करून बघायचं. तुमच्या गेममध्ये ही सोय नसेल तर इलाज नाही, पण असेल आणि वापरत नसाल तर कपाळाला हात.

फाइली जपण्याबद्दल थोडक्यात. गेम आपोआप जी नावं देते त्यात बहुतेक वेळा तारीख आणि वेळच असते. दोनशे सामन्यांनंतर ती नावं कुचकामी. मी तारीख, नकाशा, दोन्ही बाजू, व्हर्जनचा आकडा आणि एक शब्द एवढं लिहितो. तो शब्द म्हणजे ‘भिंत’, ‘उशीर’, ‘नौदल’ असं काहीतरी, ज्यावरून सामना आठवतो. काही गेम्स शेवटचा सामना एकाच तात्पुरत्या फाइलीत ठेवतात आणि पुढचा सामना सुरू झाला की ती पुसली जाते. २००६ च्या कंपनी ऑफ हीरोजमध्ये असंच होतं. काहींमध्ये, उदाहरणार्थ एज ऑफ एम्पायर्सच्या जुन्या आवृत्त्यांत, सामना सुरू करायच्या आधीच रेकॉर्डच्या चौकोनात खूण करावी लागायची. ती विसरलो म्हणून माझा आयुष्यातला सर्वोत्तम सामना आज फक्त माझ्या तोंडी शिल्लक आहे, आणि त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

आता दुसरा प्रश्न, आणि खरं तर मला यावरच जास्त बोलायचंय. तुम्ही रिप्ले बघता म्हणजे काय करता? माझा अंदाज: पूर्ण नकाशा उघडा ठेवून, चौपट वेगाने, मोठ्या लढाया शोधत जाता. मीही दोन-तीन वर्षं हेच केलं. त्यातून करमणूक होते. शिकणं होत नाही, कारण पूर्ण नकाशा उघडा असला की सगळेच शहाणे. समोरच्याने उजव्या कोपऱ्यात तीन तबेले बांधलेले दिसतात आणि आपण म्हणतो, भाले का नाही केले मी? पण त्या वेळी तुम्हाला ते तबेले दिसले होते का? नसतील, तर चूक भाल्यांची नाही, तिकडे पाहायला कुणी न पाठवण्याची आहे. दोन चुकांचे उपाय वेगळे आहेत.

म्हणून पहिल्या फेरीत फॉग ऑफ वॉर, म्हणजे न दिसणारा भाग झाकणारं धुकं, चालू ठेवा आणि दृष्टी फक्त तुमची ठेवा. सामना तुम्हाला जसा दिसला तसा बघा. जिथे तुम्ही मोठा निर्णय घेतला, म्हणजे युग बदललं, हल्ला काढला, दुसरा टाउन सेंटर (व्हिलेजर जिथे तयार होतात ती मुख्य इमारत) टाकला, तिथे थांबवा आणि स्वतःला विचारा की या क्षणी मला काय माहीत होतं. मगच दुसऱ्या फेरीत दृष्टी समोरच्याची करा. ही फेरी बहुतेक लोक टाळतात, आणि मला वाटतं तीच सगळ्यात जास्त शिकवते. तुमचा जो हल्ला तुम्हाला फसलेला वाटला, त्याने त्याचे सहा व्हिलेजर दोन मिनिटं किल्ल्यात कोंडून ठेवलेले असतात. आणि तुम्ही ज्या चालीवर खूश होता ती त्याला दिसलेलीसुद्धा नसते.

मग हरलेल्या लढाईपासून उलट्या दिशेने चालत या. माझं एक उदाहरण देतो. एज ऑफ एम्पायर्स २ मध्ये बत्तिसाव्या मिनिटाला माझं सगळं सैन्य एका लढाईत संपलं आणि मी हरलो. माझं ठाम मत की जागा चुकली, टेकडी घ्यायला हवी होती. रिप्लेत पाहिलं तर त्याचं सैन्य माझ्या दीडपट होतं. टेकडीने काय होणार? मग का दीडपट? कारण त्याच्याकडे व्हिलेजर जास्त होते. कधीपासून? मागे मागे जात राहिलो. पंचविसाव्या मिनिटाला फरक, विसाव्याला फरक, अठराव्यालाही तोच. शेवटी सापडलं की पहिल्या अठरा मिनिटांत माझा टाउन सेंटर सगळे तुकडे मिळून साडेतीन मिनिटं रिकामा बसला होता. एक व्हिलेजर तयार व्हायला २५ सेकंद लागतात. २१० सेकंद म्हणजे आठ व्हिलेजर कमी, आणि ते आठ जण पुढचा सगळा सामना लाकूड-धान्य आणणार होते. म्हणजे बत्तिसाव्या मिनिटाला जो हरला तो मी, आठव्या-दहाव्या मिनिटालाच घसरायला लागलो होतो, स्काउट, म्हणजे टेहळणीचा घोडेस्वार, घेऊन मेंढ्यांमागे हौसेने फिरत असताना.

इथे घड्याळाबद्दल एक सूचना, कारण यात बरेच जण फसतात. वरची सेकंदं गेमच्या घड्याळातली आहेत. एज ऑफ एम्पायर्स २ च्या डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये ऑनलाइन सामने सहसा १.७ पट वेगाने चालतात, त्यामुळे गेमची साडेतीन मिनिटं म्हणजे तुमच्या भिंतीवरच्या घड्याळात दोनच. स्टारक्राफ्ट २ मध्येही पूर्वी गेमचं घड्याळ वेगळं पळायचं. २०१५ मध्ये लेगसी ऑफ द व्हॉइड या विस्तारापासून ते खऱ्या सेकंदांवर आणलं. त्याआधीच्या मार्गदर्शकांतल्या वेळा आजच्या रिप्लेशी ताडून पाहिल्या तर त्या १.४ पट मोठ्या दिसतात, आणि वाचणारा उगाच समजतो की आपण फार जलद खेळतोय.

मी बघताना शेजारी वही ठेवतो. खूप नाही, एका सामन्याला चार-पाच ओळी: वेळ, काय घडलं, आणि त्याचं कारण किती मिनिटं आधी होतं. टाउन सेंटर रिकामा, घर नाही म्हणून थांबलेलं उत्पादन, खिशात नुसतं पडून राहिलेलं धान्य, आणि पहिला शत्रू नेमका कधी दिसला, एवढ्यावर नजर असली तरी मधल्या पातळीच्या खेळाडूला वर्षभराचं काम मिळतं. क्लिकच्या वेगाचा आलेख बघूच नका. त्यातले निम्मे क्लिक एकाच जागेवर चिडून केलेले असतात. आणि एका रिप्लेतून एकच गोष्ट घेऊन उठा. मी पूर्वी दहा चुकांची यादी करायचो. पुढच्या सामन्यात त्यातली एकही आठवायची नाही.

जिंकलेले सामनेही पाहा. खरं तर तेच आधी. हरलेल्या सामन्यात माणूस निदान कारण शोधतो, जिंकलेल्यात सगळ्या चुका विजयाखाली झाकून जातात.

मोठ्या खेळाडूंच्या रिप्लेचं काय, हेही तुमच्या मनात असेलच. त्यांच्या लढाया बघून हात तसे चालणार नाहीत. त्यांच्या पहिल्या दहा मिनिटांची वेळापत्रकं मात्र उचलता येतात. एकाच सुरुवातीचे तीन रिप्ले घ्या, तिघांनी पहिली बरॅक, युग बदलण्याचा क्षण आणि त्या क्षणी कोणत्या कामावर किती व्हिलेजर होते ते लिहा. तिघांत जे सारखं येईल तो पाया. जे वेगळं येईल ते त्या नकाशाला किंवा शत्रूला दिलेलं उत्तर. नुसत्या रिप्लेतून किती शिकता येतं याची हद्द कुणी पाहिली असेल तर ती यंत्राने. डीपमाइंड कंपनीच्या अल्फास्टार या प्रोग्रामने स्टारक्राफ्ट २ मध्ये ग्रँडमास्टर पातळी गाठली, त्याची २०१९ ची माहिती जाहीर आहे. त्याचं पहिलं शिक्षण माणसांच्या ९,७१,००० रिप्लेंवर झालं, स्वतःशी खेळणं त्यानंतर. आपल्याला तेवढे लागणार नाहीत, आणि तेवढं आयुष्यही नाही.

एक मर्यादा सांगितली पाहिजे. रिप्लेत तुम्ही दिलेले हुकूम असतात. तुम्ही कुठे बघत होता हे बऱ्याच गेम्समध्ये नसतं. झिरो ए.डी.च्या यादीत कॅमेरा कुठे होता याची नोंद नाही. स्टारक्राफ्ट २ ती ठेवते, त्यामुळे खेळाडूच्या नजरेतून सामना पाहता येतो, आणि धुक्याखालचं न दिसणारं सैन्य कुणी ‘बघत’ बसला होता का याचा संशयही तिथे तपासता येतो. जिथे ही सोय नाही तिथे महिन्यातून एकदा स्वतःचा सामना खेळतानाच पडदा रेकॉर्ड करा. मी केला तेव्हा कळलं की लढाई चालू असताना मी तिच्याकडे एकटक बघत राहतो, चाळीस-चाळीस सेकंद, काहीही हुकूम न देता. नुसता प्रेक्षक. हे हुकमांच्या यादीत ‘शांतता’ म्हणून दिसतं, आणि शांततेचा अर्थ लावता येत नाही.

आता रेकॉर्डिंग. पहिला सल्ला: दाखवण्यासाठीचा व्हिडिओ चालू सामन्यात करूच नका, नंतर रिप्लेवरून करा. दोन्ही बाजू दाखवता येतात, चुकलं तर पुन्हा घेता येतं, आणि खेळताना मशीनवर जादा भार येत नाही. भाराचं कारण असं की या गेम्सचं जगाचं गणित मुख्यतः प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतं आणि सामना वाढला, सैन्य वाढलं की तो कोअर घामाघूम होतो. त्यात ओबीएसला एक्स२६४ या सॉफ्टवेअर एनकोडरवर ठेवलं, तर व्हिडिओ दाबून भरण्याचं (म्हणजे एनकोडिंगचं) काम त्याच प्रोसेसरवर पडतं. ग्राफिक्स कार्डमधला एनकोडर निवडा, मग ते एनव्हिडियाचं असो, एएमडीचं किंवा इंटेलचं. गुणवत्तेतला फरक असल्या व्हिडिओत डोळ्याला कळत नाही.

तरीही अडखळलं तर अंदाज बांधत बसू नका, ओबीएसमधला स्टॅट्सचा तक्ता उघडा. त्यात दोन वेगळे आकडे असतात. रेंडरिंगमुळे निसटलेल्या फ्रेम वाढत असतील तर गेम ग्राफिक्स कार्ड पूर्ण गिळतेय; गेमचा फ्रेमरेट ६० वर बांधून टाका, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. एनकोडिंगमुळे सुटलेल्या वाढत असतील तर एनकोडर दमलाय. त्याचा प्रीसेट हलका करा. आणि दोन्ही शून्य असून चित्र अडखळत असेल, तर रिप्लेच अडखळतोय. आठपट वेगावर हे हमखास होतं, कारण आठपट गणित तेवढ्याच वेळात करायचं असतं. रेकॉर्डिंग एकपट वेगाने करा आणि कंटाळवाणा भाग एडिटिंगमध्ये पळवा.

पुसट अक्षरांची कारणं माझ्या अनुभवात तीन. एक, ओबीएसच्या साध्या मोडमध्ये रेकॉर्डिंगची गुणवत्ता ‘स्ट्रीमसारखीच’ असते, म्हणजे थेट प्रक्षेपणासाठीचा काटकसरी बिटरेट. ती बदला, सीक्यूपी हा ठरावीक गुणवत्तेचा पर्याय असेल तर २० च्या आसपास ठेवा, आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. दोन, गेम मोठ्या रिझोल्यूशनवर आणि व्हिडिओ लहान, अशाने आधीच बारीक असलेली अक्षरं आणखी दबतात. दोन्ही सारखी ठेवा आणि गेमच्या सेटिंगमधून इंटरफेस मोठा करा; बघणारा फोनवर बघतोय हे धरून चला. तिसरं जरा मजेदार आहे: नेहमीच्या व्हिडिओत उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची असते, पण रंगाची माहिती चार पिक्सेलांना मिळून एकदाच. म्हणून काळ्यावर लाल बारीक अक्षरं आणि मिनिमॅपवरचे, म्हणजे कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावरचे, लाल-निळे ठिपके सगळ्यात आधी फिसकटतात. दोन खेळाडूंना उजेडात फरक असलेले रंग द्या, जसे पिवळा आणि निळा.

जागा आधी मोजा. सेकंदाला २० मेगाबिट धरले तर मिनिटाला १५० एमबी, तासाला ९ जीबी. फॅट३२ च्या बाहेरच्या डिस्कवर एक फाइल ४ जीबीपुढे जातच नाही, हेही लक्षात असू द्या. फॉरमॅट एमकेव्ही ठेवा. साध्या एमपी४ मध्ये रेकॉर्ड करताना वीज गेली किंवा गेम मशीनसकट लटकली तर अख्खी फाइल वाया जाऊ शकते. एमकेव्हीत निदान तोपर्यंतचं वाचतं. नंतर ओबीएसच्याच रीमक्स मेनूतून त्याचं एमपी४ करून घेता येतं, चित्राची गुणवत्ता अजिबात न घसरता. आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्या, गेमचा एकीकडे आणि तुमचा दुसरीकडे. तलवारींच्या खणखणाटात बुडालेलं निवेदन नंतर वेगळं काढता येत नाही. आणि दर वेळी आधी तीस सेकंदांची चाचणी करून ती ऐकून बघा. मी एकदा सलग तीन सामन्यांवर जीव तोडून बोललो, माईक बंद होता.

कॅमेऱ्याबद्दल एवढंच: हळू. मिनिमॅपवर क्लिक करून उड्या मारल्या की बघणाऱ्याला आपण कुठे आहोत हे शोधण्यातच वेळ जातो. लढाई सुरू व्हायच्या पाच सेकंद आधी तिथे पोचा आणि ती संपल्यावर दोन सेकंद थांबा. एज ऑफ एम्पायर्स २ साठी कॅप्चरएज नावाचं वेगळं साधन आहे, ते दोन्ही बाजूंची संसाधनं आणि सैन्य पडद्यावर नीट मांडून दाखवतं. निवेदन करणार असाल तर ते शिकून घ्या. आणि बऱ्याच गेम्सच्या रिप्लेत चॅटही साठवलेलं असतं, हरल्यावर वैतागून लिहिलेलं धरून. समोरच्याचं नाव आणि ते चॅट लोकांपुढे टाकायच्या आधी त्याला एकदा विचारा, नाहीतर झाकून टाका.

राहता राहिले तुमचे ते दोन अडलेले सामने. त्यांच्या कमांड्सच्या फाइलीतली पहिली ओळ वाचा, इंजिनचं व्हर्जन आणि मॉड लिहून घ्या. झिरो ए.डी. फुकट आहे आणि तिची जुनी व्हर्जनंही उतरवून घेता येतात. ते जुनं व्हर्जन वेगळ्या फोल्डरमध्ये बसवा, चालूवर चढवू नका. तेच मॉड लावा, रिप्ले उघडा, आणि ठसा जुळतोय, शेवटपर्यंत इशारा येत नाही हे एकदा पाहून घ्या. मग ओबीएस लावून दोन्ही सामने पूर्ण नकाशासह एकपट वेगाने रेकॉर्ड करा आणि त्यानंतर ते जुनं व्हर्जन खुशाल काढून टाका. मूळ फाइल मात्र व्हिडिओशेजारीच ठेवा, ती जागा कितीशी घेणार.